जवळ्याच्या वासाच्या गासड्या

माधवीताई राऊत यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बोईसरच्या एका कपडे शिवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या दाराशी. कापड बेतून उरलेले तुकडे, ज्यांना आम्ही कातरण म्हणतो, ते मी तिथून उचलत असे. जे विकलं जाणार नाही ते कामगार तिथंच पेटवून देत. सरकारी गाडीतून उतरून ताई त्या धुराकडे बघत राहिल्या. आता दंड होणार, या भीतीने मी आधीच सांगून टाकलं, "आमी फक्त उचलतो, ताई. जाळणारे दुसरे हायत."

"काका, मी जाळणाऱ्यांना शोधत नाही," त्या म्हणाल्या. "वेगळं करणाऱ्यांना शोधतेय."

ताई पालघरच्या उद्योग कार्यालयात अधिकारी. कातरण जाळू नये, सुती आणि मिश्र कापड वेगळं करून त्यापासून पुन्हा सूत काढावं, अशी शासनाची योजना त्यांच्याकडे होती. कारखानदार हो म्हणत आणि सगळं एकाच पोत्यात कोंबत. ताईंनी कोणाला नोटीस धाडली नाही. त्या कापड बेतणाऱ्या कारागिरांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहत आणि दोन पोती स्वतः बांधून येत. पुढच्या खेपेला ती तशीच दिसली, तर त्या कारागिराचं मालकासमोर नाव घेऊन कौतुक करत.

योजनेतून मुरब्याला, माझ्या गावी, एक शेड उभी राहिली. मासे कमी मिळू लागल्याने रिकाम्या बसलेल्या बाया तिथे कातरण निवडू लागल्या. पहिला माल सूतगिरणीने घेतला तरच शेड पुढे चालणार होती. मला त्या दिवसांत जेवण जात नव्हतं.

आणि नेमकी अवकाळी सर आली. कातरणीचा टेम्पो भिजून आला. ताईंचा फोन आला, "जिथे चांगलं ऊन असेल तिथे सुकवा." मुरब्यात चांगलं ऊन कुठे, हे काय विचारायचं? बायांनी वाळत घातलेला जवळा, ती बारीक कोळंबी, गोळा केला आणि त्याच जाळ्यांवर कातरण पसरली. माल खडखडीत वाळला. गासड्या बांधल्या. आमच्यापैकी कोणाला काही जाणवलं नाही. जवळ्याचा वास आम्हाला वासच वाटत नाही. तो आमच्या घरादारात, अंगात असतो.

गासड्या न्यायला आलेल्या ड्रायव्हरने मात्र नाक धरलं. "चाचा, कपडा है या मच्छी?"

गिरणीने माल परत पाठवला. योजनेचे वरिष्ठ तपासणीला यायचे होते. शेड बंद होणार, असं मी धरूनच चाललो. जनाबाई, निवडणाऱ्या बायांतली सगळ्यात थोरली, ताईंसमोर उभी राहिली.

"ताई, तुमीच बोलल्या ना, ऊन असेल तिथं?"

"मीच बोलले," ताई म्हणाल्या.

"मग आता साहेबांना काय सांगाल?"

"तेच."

आणि त्यांनी खरोखर तेच सांगितलं. सुकवण्याची जागा न पाहता सूचना दिली ती मी, बायांचं काम तपासा, असं त्या वरिष्ठांपुढे म्हणाल्या. मग त्यांनी गासडी सोडायला लावली. साहेबांनी रुमाल नाकाला लावून तुकडे उलटेपालटे केले. सुतीत मिश्र कापडाचा तुकडा सापडला नाही, बटण नाही, चेन नाही. माल धुऊन पुन्हा पाठवायचं ठरलं, आणि या खेपेला गिरणीने तो घेतला. शेडमागे कापडासाठी वेगळे बांबू रोवले गेले. त्यावर कोणी चुकून बोंबील टाकला, तर जनाबाई अजून ओरडते, "ए, त्या ताईंच्या दांड्या हायत."

माझ्या बायकोच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ताई दवाखान्यात आल्या आणि मीच जास्त घाबरलेला दिसल्यावर तिला सोडून मला धीर देत बसल्या. असं मन सगळ्यांना मिळत नाही.

आता त्यांना अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली, त्या निवृत्त झाल्या, म्हणून आजचा हा सत्कार. नवे साहेब चांगलेच असतील. तरी नव्या साहेबांना आमचा वास चालेल का, ही धास्ती मला आहे. ताईंना मी ती बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, "त्यांना आधी जवळ्याची चटणी खायला बोलवा."

सत्काराची शाल आम्ही आमच्याच कातरणीच्या सुताची विणून आणली आहे. मी ती पुन्हा पुन्हा हुंगून पाहिली, शेजारच्यांना हुंगायला दिली, पण सगळे मुरब्याचेच, त्यांना काय कळणार? ताईंना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो, आणि ही शाल त्यांच्या अंगावर पुष्कळ हिवाळे राहो. वास आला, तर तो आमचा आहे असं समजून त्यांनी ती पांघरावी.