बाबांनी मंगलाष्टका सोडल्या

माझे सासरे माणसाचं नाव आधी मांडीवर वाजवून बघत. समोरच्यानं नाव सांगितलं की उजव्या हाताची बोटं मांडीवर पडायची, ओठ हलायचे आणि मग निकाल लागायचा. मला बघायला अकोल्याला आले, तेव्हा बाकीच्यांनी स्वयंपाक, नोकरी, चष्म्याचा नंबर असं सगळं विचारून घेतलं. हे आपले गप्प. मग एकदम मांडी वाजवली आणि म्हणाले, "मंजिरी. गुरू, लघु, गुरू. कुठंही बसते हे नाव! मले पोरगी पसंत आहे." माझी आई घाबरली. या वेड्याच्या घरी, तेही थेट रायपूरला, मुलगी द्यायची का, असं तिनं आत जाऊन माझ्या वडिलांना विचारलं.

वेड होतंच, पण ते मंगलाष्टकांचं. बाबा, म्हणजे माझे सासरे, सरकारी कचेरीत बाबू होते. नोकरीची काही वर्षं शिल्लक असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पूर्णवेळ मंगलाष्टका रचायला, गायला लागले. ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यातली भोसल्यांच्या काळापासूनची घरं, रेल्वेत नोकरीला असलेले वऱ्हाडी, बीरगांवला कारखान्यांत कामाला आलेली माणसं, सगळीकडून त्यांना बोलावणं यायचं. सासूबाईंना हे कधी पटलं नाही. "लोकं रिटायर झाले की देवाचं नाव घेतात. आमचे हे दुसऱ्यांच्या पोट्ट्यांची नावं घेत फिरून राहिले," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत. बाबा हसत. "अवं, ज्या कामाले मी पदरचे पैसे देऊन गेलो असतो, त्याच्यासाठी लोकं मले बोलावून पैसे देते. याच्यापेक्षा मोठं नशीब असते का?"

माझ्या लग्नात वरपिता असूनही त्यांनी स्वतःच गायचा हट्ट धरला. 'आली सासरि लाडकी हसत ही, कुर्यात् सदा मंगलम्' असं ते खणखणीत म्हणत होते आणि अंतरपाटाच्या अलीकडे मी ढसाढसा रडत होते. मांडवात खसखस पिकली. नंतर जेवताना माझ्या पानाशी येऊन म्हणाले, "मनावर नको घेऊ. 'हसत' काय अन् 'रडत' काय, वृत्ताले सारखंच." अशा सासऱ्यावर रुसायचं तरी कसं? मी फस्सकन हसले, तोंडातला जिलबीचा तुकडा शालूवर पडला.

लग्नघरी ते बैठकीत बसत नसत. थेट स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी स्टूल ओढायचे. पत्रिका, हॉल, जेवणाचा बेत, कशाशी देणंघेणं नाही. एकच विचारायचे, "या लग्नात कोण असायले पाहिजे होतं अन् नाही?" मग परतणाऱ्या बाईचा झारा थांबायचा. कुणाचा भाऊ, कुणाची सासू, कुणाचा न बोलता गेलेला बाप. ते माणूस लग्नाच्या दिवशी कडव्यात हजर असायचं. ज्यांना मराठी समजते पण बोलता येत नाही अशी पोरंसुद्धा त्या कडव्याला मोबाइल खाली ठेवायची.

व्याही छत्तीसगढी निघाले तरी त्यांचं अडत नसे. "साहू! दोन गुरू. सोन्यासारखं आडनाव." अगरवालांशी मात्र जमलं नाही. "बाकी बसते, शेवटचा 'ल' घोळ करून राहिला," म्हणत त्यांनी एका लग्नात त्या बिचाऱ्यांना नुसतं 'वरपक्ष' करून टाकलं. माझा नवरा अमोल वैतागायचा. "पापा, कौन सुनता है ये सब? डीजेवाला बाहर खड़ा है." त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, "हव, उभा राहू दे. त्याचं लग्न मीच लावीन."

मी घरात आल्यावर महिन्याभरातच माझी नेमणूक झाली. मंगलाष्टका मुहूर्ताला संपल्या पाहिजेत, अंतरपाट दूर व्हायची वेळ ठरलेली. आमच्या गुरुजींना जाड चष्म्यातूनही घड्याळ दिसत नसे, म्हणून ते बाबांवर विसंबून. बाबा डोळे मिटून गाणार, म्हणून ते माझ्यावर विसंबून. मी मोबाइल हातात धरून त्यांच्यासमोर उभी राहायची. कडव्याच्या शेवटी ते डोळे उघडून माझ्याकडे बघायचे. मी एकदा हात वर केला की शेवटचं कडवं धरायचं, दुसऱ्यांदा केला की थांबायचं. इतकं साधं काम. आणि खरं सांगते, मला त्याचा भारी तोरा होता. नटूनथटून उभ्या असलेल्या एवढ्या लोकांचा मुहूर्त माझ्या हातात!

समता कॉलोनीतल्या एका भवनात ते लग्न होतं. वडील रेल्वेत, आई लहानपणीच गेलेली, मुलीला आजीनं वाढवलेलं. वरपक्ष नागपूरचा. वरमाय मुहूर्ताच्या बाबतीत फार कडक. याच मुहूर्तासाठी त्यांनी लग्न पुढे ढकललं होतं. बाबा त्या आजीशी दोन दुपारी बोलून आले होते आणि घरी आल्यावर जेवताना मध्येच घास हातात धरून बसत होते. मला वाटलं, तब्येत बिघडली. पण कडवं आत शिजत होतं.

आजीला खुर्चीवर बसवून मांडवात आणलं होतं. बाबांनी आवाज लावला:

आजीने पदरात झाकुन जिला थंडीत सांभाळिले

आणि सगळा हॉल गप्प झाला. ढोलवाले, वाढपी, दारातले ड्रायव्हर, सगळे. अंतरपाटामागे नवरी हुंदके देत होती आणि आजी खुर्चीत बसल्या बसल्या मान हलवत होती, हो, हो, असंच होतं, अशी. पहिला हात मी या कडव्याआधीच वर केला होता. बाबांनी तो पाहिला होता. कडवं संपलं. मी दुसऱ्यांदा हात वर केला, चांगला कानाच्या वर. बाबांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि तेच कडवं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

मी हात खाली घेतलाच नाही. वेड्यासारखी हात वर करून उभी राहिले. पण लोक बाबांकडे बघत होते, माझ्याकडे कोण बघतंय? कडवं संपलं, गुरुजींनी 'तदेव लग्नं' म्हटलं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि नवऱ्या मुलाच्या मामांनी मनगट डोळ्यांशी नेलं. "अहो, मुहूर्त तर टळला!"

मग जे व्हायचं ते झालं. वरमाय स्टेजवरच खाली बसली. "वेळ कोण पाहत होतं?" मामा ओरडले. गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. "घड्याळ यांच्या सुनेकडे असते." सगळ्या माना वळल्या. माझ्या हातात मोबाइल होता. "अगं बाई, व्हॉट्सअॅप पाहत असंल," एक काकू म्हणाली, आणि ते सगळ्यांना एकदम पटलं. मी बाबांकडे बघितलं. ते शालीची घडी घालत होते. कोपऱ्याला कोपरा लावला, हात फिरवला, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मुलीच्या बापानं भर मांडवात विहिणीपुढे हात जोडले. आणि माझा नवरा पुढे होऊन म्हणाला, "सॉरी आंटी, इनसे गलती हो गई." इनसे म्हणजे माझ्याकडून! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते त्या दिवशी मला कळलं. आम्ही न जेवता निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे भिजवत होते. बाबा येऊन ओट्याशी स्टूल ओढून बसले.

"मंजिरी, मले तुझा हात दिसला होता."

"ठाऊक आहे मला. मग का नाही थांबलात?"

"गाणं लागलं होतं वं. असं आजपर्यंत कधी नव्हतं लागलं. वाटलं, एकदा अजून."

"आणि नंतर? ते सगळे मला बोलत होते तेव्हा?"

त्यांनी मान खाली घातली. "तेव्हा पुढची लग्नं डोळ्यापुढे आली. लोकं म्हणतील, बुढ्याले आता भान राहत नाही. मग मले कोण बोलावते? तुले काय, तू सून आहेस, तुझी चूक लोकं विसरतील, असं वाटलं." मग म्हणाले, "लोकं मले नशीबवान म्हणते, आवडीचं काम भेटलं म्हणते. पण आवड अशी राक्षसीण असते, हे मले नव्हतं माहीत. त्या पोरीचा मुहूर्तही खाल्ला अन् तुलेही खाल्लं."

मी चिडले होते, चांगली धुसफुसत होते. पण सासरा असा सुनेपुढे मान खाली घालून बसला की काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "मला नका सांगू. त्यांना जाऊन सांगा." आणि पोह्यांना फोडणी घातली.

ते खरंच गेले. मुलीच्या वडिलांनी चहा पाजला आणि म्हणाले, "जाऊ द्या बाबा, झालं ते झालं. सुनेला रागावू नका." चूक माझीच होती, असं बाबांनी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. नागपूरला फोन केला तर वरमाईनं तो उचललाच नाही. इकडे बाबांची बोलावणी चालूच, उलट वाढली. त्या आजीच्या कडव्याचा व्हिडिओ घरोघर फिरला होता. फोन करणारे शेवटी हळूच म्हणायचे, "फक्त घड्याळ यावेळी दुसऱ्या कुणाकडे द्या हं." बाबा फोन ठेवायचे आणि माझ्याकडे न बघता गच्चीवर जायचे.

त्या वर्षी गणपतीत आमच्या मोहल्ल्यातल्या मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. बाबांनी माइक हातात घेतला आणि सरळ म्हणाले, "त्या लग्नात चूक माझ्या सुनेची नव्हती. तिनं हात वर केला होता. मी पाहिला. मी थांबलो नाही, अन् मग तिच्यावर ढकललं." मग पहिल्या रांगेतून टाळी पडली आणि पाठोपाठ अख्खा मांडव टाळ्या वाजवू लागला. "याला म्हणतात सासरा!" कुणीतरी मागून ओरडलं. "सुनेची चूक अंगावर घ्यायला केवढं मन लागते!" बाबा माइकमध्ये "नाही, नाही, ऐका" म्हणत राहिले. जितकं नाही म्हणावं तितक्या टाळ्या. शेवटी अध्यक्षांनी त्यांच्या हातून माइक काढून घेतला आणि नारळ दिला. बायका मला कोपरानं ढोसत होत्या, भाग्यवान आहेस हो, म्हणून. मी बाबांचं तोंड बघितलं. मार खाल्लेल्या पोरासारखं झालं होतं.

त्यानंतर बाबांनी एकही लग्न घेतलं नाही. आलेल्या फोनला सांगायचे, आता नाही गात. कारण विचारलं तर गप्प. साहजिकच लोकांनी कारण शोधून काढलं: सुनेनं बंद पाडलं. सासूबाई, ज्यांनी जन्मभर या कामाला नावं ठेवली, त्या रडल्या. "घरात कसं सुनं सुनं वाटून राहिलं," म्हणाल्या.

घरात ते कधी कधी मटार सोलताना गुणगुणायचे. मी आत आले की गुणगुणणं बंद. मला त्याचा फार राग यायचा. मी म्हणायची, "बाबा, गा ना. मी केव्हाच विसरले सगळं." विसरले नव्हते, पण त्यांनी गावं असं मला मनापासून वाटायचं. ते शेंगा पुढ्यात ओढत म्हणायचे, "तुझ्यासमोर नाही जमत वं. लाज वाटते." सत्तरी उलटलेला माणूस, तोंडावर असं म्हणतो. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत यायचंही कमी केलं. दारापाशी थांबून ऐकायची.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. तेराव्याला बरीच माणसं आली. त्यांनी लग्न लावून दिलेली जोडपी, त्यांची पोरं. कुणी कुणी उठून आठवणी सांगत होतं. मंडळाचे अध्यक्ष उठले आणि त्यांनी तीच गोष्ट सांगितली. सुनेची चूक स्वतःच्या माथी घेणारा असा सासरा होणे नाही, म्हणाले. समोर अमोल डोळे पुसत होता. त्यालाही तेच खरं वाटत होतं, इतक्या वर्षांनी.

मी उठले. बाबा सांगून थकले ते मला तरी सांगायचं होतं, की टाळ्या नका वाजवू, ते खरं बोलत होते. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "बस," त्या हळू म्हणाल्या, "आज नको." खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. समोर फोटोला घातलेला हार होता. मी खाली बसले.

मागच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे वं बाई," ती म्हणाली, "होते चूक माणसाकडून."

"हो," मी म्हणाले, "होते."