जेटमधली तांब्याची तार

हैदराबादेत तारनाक्याच्या रस्त्यावर, भर उन्हात, आमच्या टूस्ट्रोक मोटारसायकलचा पिस्टन तिसऱ्यांदा जाम झाला. बाबांनी आणि मी ती विद्यानगरपर्यंत ढकलत आणली. घरात पाय ठेवताच बाबा म्हणाले, "बास. रविवारी गिऱ्हाईक येतंय." टीव्हीवर तेव्हा रोज नवी फोरस्ट्रोक गाडी झळकायची आणि जुनं ते भंगार असं सगळ्यांना वाटू लागलं होतं. मला नाही वाटलं. याच गाडीवर मी चालवायला शिकले होते. ती गेली की कॉलेजला पुन्हा बसला लटकायचं, कारण नवी कोरी गाडी मुलीच्या हातात कोण देतंय? माझं डोकं फिरलं.

जामबागेतले मिस्त्रीचाचा दर वेळी पिस्टन बदलायचे, तो का जळतो ते सांगायचे नाहीत; याही वेळी तसंच झालं. मी स्पार्क प्लग काढून त्यांच्यापुढे धरला. टोक खडूसारखं पांढरं. इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं आणि त्यात मिसळलेलं ऑइलही.

"कार्बोरेटर खोलती मैं," मी म्हटलं.

"नक्को बेटी, लडकियों का काम नहीं ये. हाथां काले होते."

"होने दो!" म्हणून मी पाना उचललासुद्धा.

कार्बोरेटरमधला जेट म्हणजे एवढासा पितळी स्क्रू. त्याच्या भोकातून जाईल तेवढंच पेट्रोल इंजिनाला मिळतं. उजेडात धरला, तर भोकात वायरमधली तांब्याची बारीक तार खोचलेली! चाचांनी नजर चुकवली. "तुमारे अब्बाच बोले, ॲव्हरेज बढाव."

ॲव्हरेज! त्यापायी निम्म्या शहरानं जेटमध्ये तारा कोंबल्या होत्या. थेंबभर पेट्रोल वाचवायला आम्ही अख्खं इंजिन जाळत होतो, आणि वर दोष गाडीला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी तार उपसली. मग प्लग काळाकुट्ट निघाला, पेट्रोल जास्त होऊ लागलं. ते कमी करायला कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच सरकवायची, विद्यापीठाच्या रस्त्यावर गाडी दामटायची, इंजिन बंद करून प्लग बघायचा, असं मी तीन दिवस केलं. शनिवारी प्लग कॉफीच्या रंगाचा निघाला, म्हणजे पेट्रोल अगदी नेमकं. मी भर रस्त्यात एकटीच हसले.

रविवारी गिऱ्हाईक दारात आलं.

"काय करायलीस? चावी दे," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या तळहातावर ती तार ठेवली. "गाडीत खोट नव्हती बाबा. मागं बसा. तारनाक्याला जाऊन येऊ. जाम झाली तर चावी तुमची."

परक्या माणसासमोर त्यांना नाही म्हणता येईना. ते बसले. जाताना आणि येताना मी गाडी कुठेही हळू केली नाही. इंजिन एकदाही अडलं नाही.

दारात उतरलो तसा गिऱ्हाइकानं हैदराबादेत प्रत्येक जण विचारतो तोच प्रश्न विचारला. "ॲव्हरेज कित्ता देती?"

बाबांनी मुठीतली तार पाहिली. "मेरेकू नहीं मालूम. इसकू पूछो. गाडी इसकी है."

"कम देती," मी म्हटलं आणि चावी खिशात टाकली.