स्वयंपाकघरातला बंद पॉइंट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं असतं, हे एक. आणि दुसरं — नाही, दुसरं काहीच नाही. भीती वाटत होती, एवढंच. आता त्या भीतीचाही कंटाळा आलाय. म्हणून तुम्हाला सांगतो.

आमचं गाव पळसदरीच्या जवळ. आम्ही दोघे भाऊ एकाच घरात राहतो. मी थोरला, खोपोलीला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथं माझा बराचसा वेळ दुसऱ्याची शिडी धरण्यात जायचा, पण ते गावात कोण बघायला येतंय? कुणाचा पंखा घरघरला, कुणाची मोटर बसली, की दादाला बोलवा. आमच्या घरात तर विजेच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. मला ते आवडायचं. कशाला लपवू — फार आवडायचं.

धाकट्या भावाचं, प्रकाशचं, लग्न झालं आणि सुनंदा घरात आली. खालापूरकडची. तिच्या वडिलांनी तिला मिक्सर दिला होता. आमच्या घरात तोवर पाटा-वरवंटाच. पळसदरीच्या धरणावर शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, त्यांच्यासाठी तिथं एकाची वडा-इडलीची टपरी होती. सुनंदा त्या टपरीला चटणी आणि इडलीचं पीठ वाटून द्यायला लागली. आईला मिक्सरचा आवाज खपायचा नाही. पण सुनंदा खुशीत असायची. मिक्सर चालू असताना ती गाणं गुणगुणायची, आणि मिक्सर थांबला की गुणगुणणं तेवढं उघडं पडायचं. मग एकटीच लाजायची.

आता मूळ गोष्टीकडे येतो. बघा, अजूनही टाळतोच आहे.

आमचा गणपती ओटीवर बसतो आणि ओटीवर प्लग लावायला जागा नाही. त्या वर्षी मखराला दिव्यांच्या माळा लावायच्या ही कल्पना माझी. वायर घरभर लोंबकळलेली दिसू नये, आरतीला आलेल्यांनी नावाजावं, हीसुद्धा माझीच हौस. म्हणून मी स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला, मिक्सरच्या सॉकेटला येणारी वायर मधेच कापली आणि माळांची वायर तिथं पिळून जोडली. जोडावर गुंडाळायची काळी टेप संपली होती. मूर्ती आणायला माणसं निघाली होती. मग काय केलं असेल? मखराला लावायची सोनेरी चिकटपट्टी होती, ती गुंडाळली. हो, सोनेरी. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याची चार माणसांत अब्रू काढली असती. विसर्जन झाल्यावर माळा काढल्या. जोड आतच राहू दिला — पुढच्या वर्षी लागेलच म्हणून.

थंडीत एकदा सुनंदा पीठ वाटत होती आणि बोर्डातून तडतड झाली, धूर आला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, बोर्ड उघडला. सॉकेट ठणठणीत होतं. जळाला होता तो माझा जोड. सैल पिळलेली वायर तापून तापून तुटली होती, आणि सोनेरी पट्टी वितळून काळी झाली होती. मागे सगळे उभे. आई छातीवर हात ठेवून. सुनंदाच्या हाताला पीठ तसंच.

"माझा जोड जळाला" — तीन शब्द. ते बोलायचे सोडून मी म्हणालो, "मिक्सर करंट फार ओढतो. कसला मिक्सर दिलाय हा?" आणि ती पट्टी खरवडून खिशात टाकली.

आई घाबरली असती, गणपतीच्या कामात असं झालं म्हणजे अपशकुन म्हणाली असती, म्हणून मी बोललो नाही — असं मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. पण ते खरं नाही. दादाला साधा जोड मारता येत नाही, असं लोक म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुरुस्ती किती होती? जळलेलं टोक छाटायचं, चांगली तांब्याची तार उघडी करायची, नीट जोडायची. चहा निवायच्या आत झालं असतं. पण मग मिक्सर लावला असता आणि तो मजेत चालला असता, नाही का? म्हणून मी वायर आत तशीच टेप मारून ठेवली आणि जाहीर केलं, हा पॉइंट आता वापरायचा नाही, धोका आहे.

आईला तेवढंच हवं होतं. "बापानं आमचं घर जाळायला दिलाय का तो?" हे सुनंदाला उठता-बसता ऐकावं लागलं. टपरीवाल्यानं दुसरीकडून चटणी घ्यायला सुरुवात केली. सुनंदा पुन्हा पाट्यावर बसली. पाट्याचा तेवढा आवाज होत नाही, त्याच्याआड गुणगुणता येत नाही. ती गप्पच झाली.

मग तिचे वडील आले. मिक्सर खालापूरला दुकानात नेला, दाखवला, परत घेऊन आले. ओटीवर बसून हलक्या आवाजात म्हणाले, दुकानदारानं चालवून बघितला, काही बिघाड नाही. आणि माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणालो ते ऐका. "दुकानात चालतो हो. खरा लोड आल्यावर कळतं." या वाक्याला काही अर्थ आहे का? काडीचा नाही. पण माझ्या तोंडून ते शोभलं. माझ्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस तो, त्यानं मला हात जोडले. "दादा, तुमाला त्यातलं समजतं. चूक आमचीच हाय." मिक्सर पिशवीत घालून ते परत गेले. चहा झाला होता, तोही घेतला नाही.

पुढे वर्षं गेली. आई गेली, सुनंदाचे वडीलही गेले. मी निवृत्त झालो. पॉइंट बंदच राहिला. घराला त्याची सवय झाली, मलाही झाली.

या उन्हाळ्यात प्रकाशनं फ्रिज घेतला. ठेवायला जागा नेमकी तीच. "दादा, तो पॉइंट जरा बघतोस का?" बघायचं काय होतं? तरी मी टेस्टर लावला, दिवा लागत नाही म्हणून मान हलवली. बटण खालीवर केलं. सॉकेटच्या भोकात डोकावलो. आतलं सगळं पाठ असताना शोधल्याचं सोंग करणं फार दमवतं. मग मेन पाडून बोर्ड उघडला. अंधार होता, म्हणून सुनंदा मोबाइलचा उजेड धरून शेजारी उभी राहिली. प्रकाश बाहेर फ्रिजचा खोका फोडत होता.

सुनंदा माझ्याशी कामापुरतंच बोलते. थोरल्या दिराशी बोलतात तसं. त्या दिवशी ती म्हणाली, "दादा, येक इचारू? तवा ते मिक्सरनंच झालं होतं का?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. मला ओरडणारं कुणी उरलं नव्हतं, नोकरी नव्हती, हसणारी माणसंही आता थोडीच राहिलीत. सांगायला याहून सोपी वेळ कुठली येणार होती?

"हो," मी म्हणालो. "मिक्सरनंच."

उजेड हलला नाही. ती म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत म्हनायचे, मिक्सर चांगला हाय गं. मला वाटायचं, बाबा खोटं नाय बोलायचे." मग स्वतःशीच, "माझं मन राखायला म्हनत असतील."

मी जळलेलं टोक छाटलं, तार नीट जोडली. स्क्रू आवळत राहिलो. गेलेल्या माणसाला मी त्याच्या मुलीसमोर खोटं पाडलं, आणि ते करताना माझे हात अगदी स्थिर होते. पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा घाबरलो होतो. या वेळी कशाला घाबरलो होतो?

मेन चालू केला. फ्रिज सुरू झाला. प्रकाश खूश झाला, म्हणाला, दादाच्या हाताला यश आहे. संध्याकाळी त्यातलं पहिलं गार पाणी सुनंदानं मला आणून दिलं. मी ते प्यालो.