आत्याची डुलकी आणि वाळूचा ढीग

एके काळी आमच्या गल्लीत अशी कुजबुज होती, की आत्याला गाडी चालवता चालवता डुलकी लागते. शाळेची मुलं मागे कोंबलेली, समोर उतार, आणि बाई आपली स्टिअरिंगवर मान टाकून गाढ! त्या डुलकीतच म्हणे तिने गाडी वाळूच्या ढिगात घातली. ही बातमी फोडली ती उताराच्या कडेला दुकान असलेल्या पडदेवालीने. सकाळी ती सांगत होती, "मान खाली गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली." दुपारपर्यंत त्या मानेला घोरणं चिकटलं. संध्याकाळी तर एकाने आत्याला स्वप्न काय पडलं होतं तेही सांगितलं. तिखटमीठ आम्हीही लावलं. फुकटचं होतं, का सोडा?

आत्या ही कोणाची सख्खी आत्या नव्हती. ती शाळेत मुलं सोडायची आणि आणायची. मुलं तिला आत्या म्हणत, म्हणून मुलांचे बाप म्हणत, आणि बापांचं ऐकून शाळेच्या हेडबाईही म्हणू लागल्या. अंगाने वाळलेली, आवाजाने दणदणीत. नवरा लवकर गेला. मागे ठेवून गेला एक गाडी आणि एक मुलगा. गाडी घरात आधी आली, मुलगा नंतर, म्हणून आत्या गाडीला 'थोरली' म्हणायची. मुलगा लहान असताना यावरून रुसायचा. मोठा झाल्यावरही रुसायचा, फक्त कारण सांगायचा नाही.

थोरलीचं रूप विचारू नका. एक दार आतून उघडायचं, एक बाहेरून, आणि एक स्वतःच्या मर्जीने. हॉर्न दाबला की शेजाऱ्याची बकरी ओरडल्याचा भास व्हायचा. पण रोज सकाळी चाक फिरायच्या आत आत्या गाडीभोवती एक चक्कर मारायची. वाकून खाली जमिनीवर ओलं काही आहे का बघायची, टायरवरून तळहात फिरवायची, बॉनेट उघडून रबरी नळ्या चिमटीत दाबायची. पोरांची नाडी बघावी तशी.

"लोखंड कोणाचं काही वाकडं करत नाही," ती म्हणायची. "म्हाताऱ्या गाडीत आधी जातं ते रबर. नळी कडक होते, फुगते, भेगाळते आणि गप्प बसते. बेल्ट निदान किंचाळतो तरी. नळी म्हणजे आतल्या गाठीची, ती सांगत नाही."

तिचा एक क्रम ठरलेला होता आणि तो अख्ख्या गल्लीला पाठ होता. "आधी थांबता आलं पाहिजे. मग वळता आलं पाहिजे. मग डोकं थंड राहिलं पाहिजे. मग सुरू होण्याचं बघा. आणि हे सगळं झाल्यावर अंगात जोर उरला तर नटा." म्हणजे ब्रेक, मग टायर आणि स्टिअरिंग, मग रेडिएटर, मग बॅटरी, आणि रंगरंगोटी सगळ्यांच्या शेवटी. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा तिने होणाऱ्या सुनेला हाच क्रम जसाच्या तसा ऐकवला. सून हुशार. तिने संसारालाही तो लावला आणि नवऱ्यालाही.

मुलगा फरशीच्या दुकानात कामाला. दिवसभर चकचकीत बघायची सवय, त्यामुळे थोरली दिसली की तो तोंड फिरवायचा. "आई, लोक हसतात."

"हसू दे की. दात असेपर्यंतच हसायचं असतं."

दरवर्षी शाळेच्या सुट्टीत थोरली मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आठवडाभर मुक्कामाला जायची. आत्या स्वतः स्टूल टाकून समोर बसायची आणि मिस्त्रीचं डोकं खायची. मिस्त्री सगळ्या गल्लीला टाकून बोलायचा, पण आत्यापुढे त्याचा पाना हळू आवाजात फिरायचा. त्या वर्षी मात्र आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, धूळ वर्ज्य. गाडी घेऊन गेला मुलगा. जाताना आत्याने त्याला काय काय करायचं ते तोंडी घोकून घेतलं.

गाडी परत आली आणि आम्ही सगळे आ वासून बघत राहिलो. थोरली नव्या नवरीसारखी! निळा रंग असा, की त्यात तोंड बघून भांग पाडावा. सीटांना नवी कव्हरं, आरशाला वासाची बाटली. मुलगा असा उभा होता, जणू त्यानेच तिला जन्म दिलाय.

आत्याने काळा चष्मा नाकावर खाली ओढला. एक फेरी मारली. "रंग छान आहे," ती म्हणाली. "बाकीचं?"

"झालं सगळं."

"सगळं?"

"आई, सगळं म्हणजे सगळं. आता किती वेळा विचारशील?"

आत्याने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा वर ढकलला. पोटच्या पोराने सांगितलं तर आई वाकून बघत नाही. रोजची चक्कर ती मारत राहिली, पण डॉक्टर म्हणाले होते खाली वाकू नका, म्हणून चाकांच्या आत डोकं घालणं त्या दिवसांत राहून गेलं.

शाळा सुरू झाली आणि पहिल्याच पंधरवड्यात वाळूच्या ढिगाचा तो प्रकार झाला. आमच्याकडून शाळेकडे जाणारा रस्ता चांगलाच उताराचा. तळाशी शाळेचं फाटक आणि फाटकाशी सकाळची ही गर्दी. थोरली त्या उतारावरून आली, गिअर खाली पडताना कण्हली, तिची मागची चाकं कर्कश ओरडली, आणि फाटकाच्या बरीच अलीकडे, डाव्या हाताला एका बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात ती नाकापर्यंत शिरली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मुलं उतरली, अंगावरची वाळू झटकली आणि म्हणाली, "आत्या, परत!"

आत्या मात्र उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. मिस्त्री आला, गाडीखाली शिरला, बाहेर आला. आत्याने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. मिस्त्रीने तोंड मिटलं आणि गाडी ओढून नेली.

लोक विचारायला लागले, "आत्या, झालं तरी काय?"

"गाडी माझ्या हातात होती. जे झालं ते माझं."

एवढंच. एका शब्दाने पुढे नाही. आता बाईने स्वतः काही सांगितलं नाही, तर गल्लीने सांगायला नको का? पडदेवालीने सांगितलं. मागे बसणाऱ्या एका मुलीने मात्र घरी ठासून सांगितलं, "आत्या झोपली नव्हती. झोपलेल्या माणसाला एवढी मोठी शिवी देता येत नाही." तिला शिवी उच्चारून दाखवायला लावली आणि मग तिलाच रागावले.

हेडबाईंनी पालकांची सभा बोलावली. प्रश्न सरळ होता: आत्याने मुलं न्यायची की नाही. नाही ठरलं तर थोरली भंगारात आणि आत्या मुलाच्या बाल्कनीत, कुंड्यांना पाणी घालत. आणि गंमत बघा, किल्ली काढून घ्या म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण? तिचाच मुलगा! घामाघूम, आवाज फुटलेला. "आईचं वय झालं. गाडीचं वय झालं. मी हात जोडतो, तिला थांबवा."

पडदेवाली शेजारणीच्या कानात म्हणाली, "बघ, घरचा माणूसच सांगतोय."

आत्या उठली. तिच्या हातात किल्ली होती. "वयाचं कोण बोलतंय? इथे कोणाची गाडी कालची आहे? सगळे जुन्यावरच फिरताय, फक्त पुसून. रविवारी उतारावर या आपापल्या गाड्या घेऊन. मी खडूने रेघ मारते. रेघेवर ब्रेक दाबायचा. ज्याची गाडी थोरलीच्या आधी थांबेल, त्याला ही किल्ली देते आणि सोमवारपासून कुंड्यांना पाणी घालते. कोणाचीच नाही थांबली, तर पुन्हा माझ्या वयावर बोलायचं नाही."

"आणि झोप लागली तर?" मागून कोणीतरी म्हणालं.

"तर तुझ्या बायकोला अंगाई म्हणायला घेऊन ये."

हेडबाईंनी हसू आवरून सभा रविवारवर ढकलली.

रविवारी अशी गर्दी लोटली की पडदेवालीने दुकान बंद ठेवून पायरी भाड्याने द्यावी. उतार मोकळा केलेला, डाव्या कडेचा वाळूचा ढीग अजून तसाच. पहिला मान पडदेवालीच्या नवऱ्याचा. त्याची गाडी काय वर्णावी! आत सुगंध, मागे उशा, छतावर दिवे. रेघेवर त्याने ब्रेक दाबला आणि गाडी उशांसकट तशीच पुढे घसरत गेली. टायर बाहेरून काळेकुळकुळीत पॉलिश केलेले, पण आतलं रबर दगड झालेलं, नक्षी तर कधीच पुसलेली. बडा घर पोकळ वासा. दुसऱ्याची गाडी सुरूच होईना. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी साचलेली, जणू कोणी मीठ ठेवलंय. तिसरा रांगेत उभा राहून राहून तापला, म्हणजे त्याची गाडी, आणि रेडिएटरच्या नळीतून अशी वाफ सुटली की लोक म्हणाले, हा चहा करायला आलाय.

मग थोरली. आत्याने दार उघडलं तोच मुलगा आडवा आला. चेहरा पांढराफटक.

"आई, नको जाऊस."

"बाजूला हो."

"आई, मी... तुला ठाऊक आहे ना?"

"मला सगळं ठाऊक आहे. आता तिचं थांबणं मी स्वतः बघितलंय. बाजूला हो."

मुलगा बाजूला झाला. मग गाडीला वळसा घालून पलीकडचं दार उघडून तिच्या शेजारी येऊन बसला आणि डॅशबोर्डला दोन्ही हातांनी धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाटलं, मायलेकांचं मिटलं.

थोरली उतारावरून सुटली. बकरी ओरडली. रेघेवर आत्याने ब्रेक दाबला, आणि ती गाडी अशी थांबली की आरशाची वासाची बाटली पुढच्या काचेवर आपटून फुटली. पुढचा आठवडाभर गाडीला मोगऱ्याचा वास येत होता.

आरडाओरडा झाला. आत्या उतरून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणखी कोण आहे?"

शेवटी दवाखान्यातली नर्सबाई आली. तिची गाडी खरचटलेली, बंपर दोरीने बांधलेला. नर्सबाईने रेघेवर ब्रेक दाबला. गाडी थांबली. हेडबाई स्वतः वाकून बघायला गेल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. नर्सबाई आत्याच्या वीतभर आधी थांबली होती.

आत्याने किल्ली काढली आणि नर्सबाईपुढे धरली. मान आणखी ताठ झाली होती.

नर्सबाईने किल्लीकडे पाहिलं. "आत्या, माझी पोरगी मागच्या सीटवर असते. त्या सकाळीही होती."

"माहीत आहे."

"मग ही मला देऊन तिला शाळेत कोण सोडणार? माझी पाळी सकाळची असते."

"शब्द दिलाय मी."

"दिलात तो मला ना? मग झालं तर. किल्ली माझी. ठेवा तुमच्याकडे. माझी म्हणून चालवा." आणि तिने आत्याची मूठ बाहेरून मिटली.

आत्याने मूठ पाहिली, मग जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "ऐकलंत?" ती म्हणाली. "आता काढून घ्यायची असेल तर हिच्याकडून घ्या. आणि इंजेक्शन हीच देते, एवढं लक्षात ठेवा."

सोमवारी उतारावर बकरी ओरडली आणि मागच्या सीटवर एकही मूल कमी नव्हतं. पडदेवालीचंही होतं. तिने त्याला दारापर्यंत आणलं, तेव्हा आत्या काच खाली करून म्हणाली, "बसव. मी आत्ताच उठलेय, ताजीतवानी आहे."

पुढे कित्येक वर्षं तिने गाडी चालवली. डुलकीची गोष्टही तिच्याबरोबर चालत राहिली. कोणी चिडवलं तर ती डोळे मिटून घोरून दाखवायची. तेवढ्या वेळात मुलगा उठून पाणी प्यायला आत जायचा.

आता मुलं शाळेत मुलगाच सोडतो. फरशीचं दुकान त्याने सोडलं. आत्या शेजारच्या सीटवर बसते आणि गिअर टाकायच्या आधीच चुका काढते. थोरलीचा निळा रंग पापुद्र्यापापुद्र्याने उडालाय, पण तो रंगाचं नाव काढत नाही. रोज सकाळी जमिनीवर पालथा पडून चाकांच्या आत टॉर्च मारतो. सून म्हणते, एवढं तर त्याने तिच्याकडेही कधी निरखून पाहिलं नाही.

मिस्त्रीने मला खरं काय ते सांगितलं तेव्हा कोणाला बोलायचं नाही असं बजावलं होतं. मी बराच काळ बोललो नाही, माझ्या मानाने.

आत्या त्या सकाळी झोपली नव्हती. मान खाली गेली होती ती हँडब्रेक ओढायला. पुढच्या चाकाच्या ब्रेकची रबरी नळी फुटली होती. ती बदलायला आत्याने सांगितलं होतं, आणि मुलाने ते काम पुढच्या वर्षावर ढकलून गाडी रंगवून घेतली होती.