वीणेपुढे आलेलं रडू

माझे पती प्लेगात गेले, त्यानंतर विठ्ठलाचं नाव माझ्या तोंडून निघेना. आमचं घर शिंप्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं. रोज संध्याकाळी घरात भजन होई. मी टाळ हातात घेऊन नुसती बसायची. देव आहे की नाही, हेही मला कळेनासं झालं होतं.

पहिलाच दसरा आला. किल्ल्यातल्या देवळात परगावचे एक वृद्ध वैणिक नवरात्रभर वीणा वाजवणार होते. मी वाती द्यायला गेले आणि खांबाआड उभी राहिले. ते एकच राग सावकाश उलगडत होते. एका स्वरावर ते थांबले, तो स्वर हलकेच थरथरला, आणि मला हुंदका फुटला. आवरेना. बायका वळून बघू लागल्या. "नवरा गेलाय तिचा, पाप," कुणीतरी हळूच म्हणालं; कानडीत पाप म्हणजे बिचारी.

मी लाजेनं मेल्यासारखी झाले, कारण ते खरं नव्हतं. त्या घटकेला मला त्यांची आठवणही नव्हती. त्या स्वराच्या सुखानं मी रडत होते. कपाळ पुसून वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि मला सुख झालं होतं.

मी निघणार, तोच एका अनोळखी म्हातारीनं माझं मनगट धरलं. "कूत्कोम्मा," म्हणत तिनं मला शेजारी बसवलं आणि कानडीतच पुढं म्हणाली, "मलाही तिथंच भरून आलं. अभंग असता तर देवाच्या नावानं रडले म्हणता आलं असतं. याला शब्द नाहीत, म्हणून लाज वाटते. ऐक तू." मी शेवटपर्यंत ऐकलं. सभा उठल्यावर तिला शोधलं, पण गर्दीत ती दिसली नाही.

मी पोचण्याआधीच बातमी घरी पोचली होती. सासूबाईंना आम्ही कानडीसारखं अत्ते म्हणायचो. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. "माझ्या पोरासाठी चारचौघांत रडलीस म्हणे," त्या मायेनं म्हणाल्या. ती माया मला सोसवेना. हो म्हणून टाकलं असतं तर निभावलं असतं. घरातला माझा आसरा त्यांच्याच मर्जीवर होता.

"नाही, अत्ते," मी खाली मान घालून म्हटलं. "वीणा फार गोड होती. त्यांची आठवणच राहिली नाही."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग पदरानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, "खरंच विसरायला होतं गं? घटकाभर तरी?"

"होतं."

"मग उद्या मलाही ने."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी समोरच बसलो. आलाप सुरू झाला आणि अत्तेंनी डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, चेहरा मात्र निवला होता. लाज माझी अजूनही पुरती गेलेली नाही. पण देणाऱ्यानं ओंजळीत घातलेलं सुख आपण त्याच्या लायक आहोत का, हे न विचारता घ्यावं, हेही शरण जाणंच आहे, एवढं मला त्या संध्याकाळी उमगलं. परतताना वाटेत अत्ते हळू आवाजात विठ्ठल विठ्ठल म्हणू लागल्या, आणि त्यांच्यामागून माझाही आवाज निघाला.