गड्या, व्हय आणि न्हाई

आज विकासच्या वर्षश्राद्धाला, त्याच्याच घरात, मी मोठ्यानं हसले.

शेवटची पंगत उठत होती. माणसं वळून बघायला लागली. मी लॅपटॉपमागे तोंड लपवलं.

ज्यांना विकास माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीला इंजिनिअरिंगला आम्ही एका बेंचवर होतो. मी वाईची, तो कडेगावजवळचा. मी कंपनीत लागले, तेव्हापासून त्याची ‘म्याडम’ झाले. तो माण तालुक्यातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला गेला. पोरांचं डोकं चांगलं चालतं पण इंग्रजीला अडतात, म्हणून त्यानं मराठीत एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. नाव ठेवलं ‘गड्या’.

गड्याचा कम्पायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला समजावून देणारा भाग, विकाससारखाच बोलायचा.

म्हणजे असं. अशा बऱ्याच भाषांत एक टाइप चेकर असतो. आकड्याच्या जागी आकडा आहे का, शब्दाच्या जागी शब्द आहे का, ते तो आधी तपासतो आणि चुकलं की अडवतो. विकासचा चेकर अडवताना म्हणायचा, “आवं, हितं आकडा पायजे. तुमी शब्द दिलाय.” सगळं नीट असलं तर म्हणायचा, “समदं बराबर हाय. चालवा आता.”

हो-नाहीच्या जागी शब्द होते ‘व्हय’ आणि ‘न्हाई’.

मी त्याला मदत करत होते. शिक्षण खात्यातली मंडळी डेमो बघायला येणार ठरलं, आणि मला घाम फुटला.

“विकास, हे बदलूया. होय आणि नाही कर. मेसेज पण शुद्ध कर. लोक हसतील.”

“म्याडम, नगं वाटतंय. पोरं असंच बोलत्यात की.”

“अरे, प्रोफेशनल दिसायला हवं.”

“बगतो.”

त्याचं ‘बगतो’ म्हणजे नाही असतं, हे मला कॉलेजपासून माहीत होतं. तरी मी ते होय धरलं.

खरं सांगायचं तर लोक त्याला हसतील याची भीती नव्हती. त्या पडद्यावर माझंही नाव होतं.

त्यानं सगळं बदललं. एका झटक्यात केलेल्या बदलानं जुन्या शब्दांत लिहिलेले प्रोग्रॅम धडाधड अडायला लागले. डेमो तोंडावर आलेला. मीच त्याला म्हटलं, “‘असेल तर’च्या अटीत होय-नाहीच आहे का, हा चेक बंद ठेव तात्पुरता. शब्द आला तरी जाऊ दे.”

डेमो मस्त झाला. त्याला बोलायला सांगितलं तर म्हणाला, “म्याडम सांगतील.” मीही बोलले, भरपूर बोलले.

मग डेंग्यूचं निमित्त झालं आणि विकास गेला. माझा विश्वासच बसेना.

त्याच्या जागी आलेल्या सरांनी काही दिवसांनी गड्याच्या इंटरनेटवरच्या पानावर एक तक्रार टाकली. एका मुलीनं प्रोग्रॅम लिहिला होता. एसटी आली असेल तर ‘दप्तर उचल’ असं सांगायचं. तिनं ‘एसटी आली = नाही’ दिलं, तरी गड्या म्हणतोय दप्तर उचल.

सरांनी लिहिलं होतं, “नाही म्हटलं तरी हा होय समजतो.”

मी उत्तर दिलं, “विकासकडून राहून गेलेली चूक आहे. बघते.”

सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल. आणि ‘बघते’ म्हणून बघितलं मात्र नाहीच.

आज माझं जेवण झाल्यावर त्याच्या आई म्हणाल्या, “त्येचं त्ये कम्पुटरचं चालतंय का अजून?” मला खोटं बोलवेना. त्याच्या टेबलाशी बसले आणि लॅपटॉप उघडला.

चूक लगेच सापडली. चेकरमध्ये एका जागी ‘न्हाई’ तसंच राहिलं होतं. त्यामुळे ‘नाही’ आलं की चेकर त्याला साधा शब्द समजायचा. शब्द अडवणारा चेक मी बंद करायला लावलेला. आणि अटीत कुठलाही शब्द आला की गड्या तो होय धरायचा.

तो एक शब्द बदलला असता तरी काम झालं असतं. मी चेक परत चालू केला, आणि व्हय, न्हाई आणि त्याचे सगळे जुने मेसेज परत आणले.

मग चेकर अडवतोय का ते पाहायला आकड्याच्या जागी मुद्दाम शब्द देत राहिले. तीन-चारदा दिल्यावर पडद्यावर आलं:

“आवं, परत त्येच? जावा, च्या पिऊन या.”

हा मेसेज मी कधी पाहिलाच नव्हता. तेव्हा हसले.

आई जवळ आल्या. “काय म्हनतंय गं?”

मी वाचून दाखवलं.

“माजंच बोलनं हाय की त्ये,” त्या म्हणाल्या. “त्यो डोस्कं धरून बसला की मी म्हनायची. समदं माजंच उचललं हुतं त्येनं.”

लोक हसतील, असं मी कुणाच्या बोलण्याला म्हटलं होतं ते मला आज कळलं. मान वर करवेना.

“काकू, हे मधे काढलं होतं. मी काढायला लावलं. लाज वाटली म्हणून.”

त्यांनी विचारलं, “मग त्यो न्हाई म्हनला न्हाई व्हय?”

“म्हणाला होता. मी ऐकलं नाही.”

त्यांनी आत जाऊन च्याचं आधण ठेवलं.

मी गड्याच्या पानावरचं माझं उत्तर खोडलं आणि लिहिलं, “चूक माझी होती. विकासची नव्हती.” मग त्या मुलीचा प्रोग्रॅम ‘न्हाई’ घालून चेकरला दिला.

“समदं बराबर हाय. चालवा आता.”

चालवला. दप्तर उचल म्हणाला नाही.

बराबर न्हाई रे विकास. तू नगं म्हणालास तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

मित्रा, मान खाली घालून श्रद्धांजली.