परीक्षकांनी तोंड उघडायच्या आत

दुष्काळाच्या त्या वर्षी मी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकत होते. घर लातूरला. प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आली होती. प्रोग्रामची मला भीती नव्हती, भीती होती ती बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या गप्पांची.

ते उदगीरचे, म्हणजे लातूर जिल्ह्यातल्याच एका तालुक्याचे. प्रोग्राम चालू असेपर्यंत गप्पा मारायचे, आणि समोरची मुलगी लातूरची निघाली की हमखास विचारायचे, "काय गं, उदगीर जिल्हा व्हावा का नको?" शेजारी बसलेले आमचे सर पक्के लातूरकर. हो म्हटलं तर हे रुसणार, नको म्हटलं तर ते. आणि मार्क दोघांच्या हातात.

"तू तर गेलीसच," मुखेडची माझी रूममेट म्हणाली. "तुझा प्रोग्राम लई वेळ चालून राहिलाय. तेवढ्यात ते जिल्हा काय, राज्य मागतील."

माझ्या प्रोग्रामला अक्षरांच्या चौकटीतून इंग्रजी शब्द शोधायचे होते. एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात, तिथून पुढच्या. प्रत्येक पावलावर तो स्वतःलाच पुन्हा कामाला जुंपायचा, वाट संपेपर्यंत चालायचा आणि मग शब्दकोशात बघायचा. सुरुवातीलाच क्यू-झेड-एक्स अशी, कुठलाच शब्द सुरू न होणारी अक्षरं आली तरी हा भला माणूस टोकापर्यंत जाऊन यायचा.

रविवारी घरी गेले, तर आईबरोबर पाण्याचा टँकर शोधत फिरणं आलंच. आई गल्लीच्या तोंडाशीच थांबायची. टँकर येणार असेल त्या गल्लीत दारोदार घागरी मांडलेल्या असायच्या; पहिल्या दारात घागर दिसली नाही की ती मागे वळायची.

"आत जाऊन बघायचं का?" मी विचारलं.

"पहिल्याच घराची घागर बाहेर नाही. आत काय तुझा मामा पाणी घेऊन बसलाय?"

मी रिकामी घागर घेऊन तिथेच उभी राहिले. माझा प्रोग्राम प्रत्येक गल्लीत शेवटपर्यंत जात होता.

नांदेडला परतल्यावर प्रत्येक अक्षरापाशी एक प्रश्न घातला: अशी सुरुवात असलेला एक तरी शब्द आहे का? नसेल तर तिथूनच माघारी.

परीक्षेत मी बटण दाबलं आणि डोळा मिटायच्या आत उत्तरं आली. मी उठायला लागले.

"बस की," परीक्षक म्हणाले. "एवढं लवकर कसं झालं?"

कीबोर्डकडे बघत मी सगळं सांगितलं. गल्ली, घागर, टँकर.

"टँकर? म्हणजे तू लातूरची!" ते खुर्ची ओढून पुढे सरकले. "मग सांग, उदगीर जिल्हा…"

आता गल्लीच्या तोंडाशीच वळायला हवं होतं.

"सर, उदगीरला टँकर वेळेवर येतो का हो?"

"कसला येतोय!" ते उसळले. "आमच्याकडं तर…"

"लातूरला तरी कुठं येतोय?" आमचे सर मध्येच बोलले.

दोघांचं पाणी असं पेटलं की मी कधी बाहेर पडले, ते कुणाला कळलंच नाही. नंतर रूममेट आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती माझ्यावर डोळे वटारतच.

"मुखेडच्या टँकरचं काय गं विचारून राहिलेत मला?"